पणजीत रस्त्यावरचे निवांत प्रसंग: फोकस, उजेड आणि विचारावं की नाही?

पाटो_पूल

नमस्कार मंडळी. पणजीतले रस्त्यावरचे साधे प्रसंग टिपायचे आहेत. कार्निव्हल नको, शिगम्याची मिरवणूक नको. बलकांवात (घरापुढच्या बसायच्या ओट्यावर) पेपर उघडून बसलेले आजोबा, दुपारी अर्धं शटर ओढून मशीन चालवणारा शिंपी, फेरीबोटीच्या कठड्याला टेकलेली शाळेतली मुलं, सायकलवरचा पोदेर (पाववाला), असलं काही. तेही कुणी पोज न देता.

हाताशी एपीएस-सी सेन्सरचा मिररलेस कॅमेरा आहे, त्याच्याबरोबर आलेली १६-५० मिमीची लेन्स आणि एक बऱ्यापैकी फोन. कॅमेरा डोळ्याला लावून फोकस होईस्तोवर माणूस मान वळवतो आणि प्रसंग संपतो, यावर उपाय काय? फोंतेन्हास या जुन्या वस्तीतल्या पिवळ्या भिंतींजवळ चेहऱ्यांचा रंग बिघडतो, तो कसा सांभाळायचा? आणि सगळ्यात मोठा प्रश्न विचारण्याचा. विचारलं की माणूस ताठ बसतो, न विचारता काढला तर मनाला पटत नाही. जागा, वेळ, सेटिंग, जे सांगाल ते नेमकं सांगा.

मळ्याची_सावली

फोकसचं आधी सांगतो. ऑटोफोकस बंद करा. लेन्स १८ मिमीवर, अ‍ॅपर्चर एफ ८, फोकस दोन मीटरवर. एपीएस-सीवर एवढ्यात साधारण एक मीटरपासून थेट लांबपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. माणूस जरा मोठा हवा असेल तर २३ वर जा, फोकस अडीच मीटरवर ठेवा. मग सुमारे दीड ते दहा मीटरचा पट्टा मिळतो. त्यापुढे झूम कराल तसा पट्टा झपाट्याने आवळतो. एफ ८ आणि अडीच मीटर तसेच ठेवून ३५ वर गेलात तर १.९ ते ३.७ मीटर, आणि ५० वर जेमतेम ऐंशी सेंटिमीटर. म्हणून ही पद्धत १८ ते २३ मध्येच वापरायची. चित्राची चौकट पायांनी ठरवायची, झूमने नाही.

या लेन्सवर अंतराच्या खुणा नसतात, त्यामुळे मोजमाप बाहेरून आणावं लागतं. आपल्याकडे जागोजागी उभी असलेली स्कूटर पावणेदोन मीटरपेक्षा किंचित लांब असते. तिच्या मागच्या चाकाशी थोडं मागे उभं राहून पुढच्या चाकावर ऑटोफोकस घ्या आणि मग मॅन्युअलवर टाका. झाले दोन मीटर. आता एक खोच. असल्या बऱ्याच लेन्स कॅमेरा बंद झाला की फोकसची जागा विसरतात, आणि पॉवर झूम असेल तर लेन्स पुन्हा १६ वर जाते. कॅमेरा आपोआप झोपला तरी काही मॉडेलांत हेच होतं. म्हणून पॉवर सेव्हची वेळ वाढवून ठेवा, जास्तीची बॅटरी खिशात बाळगा आणि कॅमेरा चालू केल्यावर दर वेळी स्कूटर शोधा.

शटरच्या बाबतीत लोक फार कंजुषी करतात. बसलेल्या माणसाला १/१२५ सेकंद पुरतो असं वाटतं, पण हात हलतात, पेपरचं पान उलटतं, तुमचाही श्वास चालू असतो. बसलेल्याला १/२५०, चालणाऱ्याला १/५००, तुम्ही स्वतः चालता चालता काढणार असाल तरीही १/५००. भर उन्हात एफ ८, १/८००, आयएसओ २०० ही सुरुवात धरा. मोकळ्या सावलीत उजेड साधारण तीन स्टॉप (दर स्टॉपला निम्मा) उतरतो, म्हणजे तोच एफ ८ ठेवून १/४०० आणि आयएसओ ८००. ऊन-सावली अशी ये-जा असेल तर ऑटो आयएसओ लावा, किमान शटर १/३२० आणि वरची मर्यादा ६४००. थोडे दाणे दिसले तर चालतात. हललेला चेहरा मात्र नंतर कशानेच दुरुस्त होत नाही.

आता भिंती. पिवळ्या भिंतीने चौकट भरली की ऑटो व्हाइट बॅलन्सला (उजेडानुसार रंग आपोआप जुळवणाऱ्या सेटिंगला) वाटतं उजेडच पिवळा आहे, तो सगळं निळ्याकडे ढकलतो. भिंत मळकट होते आणि कातडी राखाडी. व्हाइट बॅलन्स ५२०० ते ५५०० केल्विनवर बांधून ठेवा. दुसरी गोष्ट, पिवळ्या आणि लाल भिंतीवर साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) फसवतो. एकत्र आलेख ठीक दिसतो आणि लाल चॅनल आधीच फुटलेला असतो, मग भिंतीचा पोत जाऊन नुसता सपाट रंग उरतो. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा, एक्सपोजर कॉम्पेन्सेशन वजा ०.३ ते ०.७ ठेवा, रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. पांढऱ्या चर्चच्या भिंतीसमोर उलट, अधिक एक. गडद लाकडी दारात बसलेला माणूस असेल तर वजा एक, नाहीतर कॅमेरा दार उजळवायला जातो आणि चेहरा पांढरा पडतो.

चेहऱ्यावर पडणारा पिवळेपणा हा मुळात भिंतीवरून उसळलेला उजेड असतो, तो व्हाइट बॅलन्सने जात नाही. ऊन भिंतीवर आणि माणूस तिच्यापासून हातभर अंतरावर असेल तर होणारच. भिंत स्वतः सावलीत असताना काढा, किंवा माणूस भिंतीपासून दीड मीटर पुढे येईल अशी जागा निवडा. संगणकावर फक्त चेहऱ्याचा मास्क करून पिवळ्याची तीव्रता उतरवता येते, पण अख्ख्या फोटोची उतरवली तर ज्या भिंतीसाठी गेलात तीच हरवते.

फोंतेन्हास आल्तिनो टेकडीच्या पूर्व पायथ्याशी आहे, समोर ओरेंची खाडी. सकाळचं ऊन खाडीकडून सरळ घरांच्या तोंडावर येतं, आणि दुपार कलली की सूर्य टेकडीआड लवकर जातो. पर्यटक संध्याकाळी येतात कारण त्यांना "सोनेरी प्रकाश" हवा असतो. तो तिथे संध्याकाळी नसतोच. सकाळी साडेसात ते साडेनऊ ऊन आडवं येतं, त्या वेळी उंबऱ्यावर झाडलोट, दूध, पाव, फुलं तोडणं असे प्रसंग मिळतात. चारनंतर गल्लीत सगळीकडे सारखी मऊ सावली असते, तेव्हा चेहरे चांगले येतात, निळ्या भिंती मात्र जास्तच थंड दिसतात. केल्विन ६००० पर्यंत वाढवा.

बेती_धक्का

वरचं बहुतेक मान्य, पण ऑटोफोकस सरसकट बंद करायला मी सांगणार नाही. अलीकडच्या मिररलेसमध्ये डोळा ओळखणारा फोकस चांगला चालतो. एकच माणूस असेल आणि एफ ४ वर पार्श्वभूमी मऊ हवी असेल तर तोच वापरावा. दगा देतो तो दोन जागी: खिडकीच्या गजांमागे माणूस असला की गज पकडतो, आणि गर्दीत तुम्हाला नको असलेला जवळचा चेहरा पकडतो. तिथे वर सांगितलेला झोन फोकस, म्हणजे आधीच ठरावीक अंतरावर बांधलेला.

फेरीबोटीबद्दल. पणजी-बेतीचा प्रवास काही मिनिटांचा, त्यापेक्षा रायबंदर-चोडण किंवा जुने गोवे-दिवाडी बरं. बोटीत वाहनं मध्ये आणि माणसं कडेला असतात. सकाळी ऊन ज्या बाजूने येतं तिकडे पाठ करू नका, उलट त्या उजेडासमोर उभे राहा, म्हणजे कठड्याला टेकलेल्यांच्या कडा उजळतात. पाण्याची चकाकी मीटरला फसवते, सगळे काळे पडतात. चेहरा दिसायला हवा असेल तर अधिक एक ते दीड, नुसत्या आकृत्या हव्या असतील तर वजा एक. मधला मार्ग घेतला तर ना आकृती ना चेहरा. धक्का जवळ आला की रॅम्पच्या मधोमध उभं राहू नका. बोट टेकायच्या आधीच दुचाक्या रेस करून तयार असतात, आणि तुमचं लक्ष कॅमेऱ्यात.

केपेंतली_वाट

विचारण्याच्या प्रश्नाला कुणीच हात घातला नाही, म्हणून लिहिते. माझं मत ठाम आहे: रस्ता आणि बलकांव यांना एकच नियम लावू नका.

रस्त्यावर चालणारा, बाजारात भाजी निवडणारा, बसस्टॉपवर वाट पाहणारा माणूस सार्वजनिक जागेत आहे. अशा ठिकाणी फोटो काढायला सरसकट बंदी करणारा कायदा आपल्याकडे नाही. स्त्रीचं खाजगी क्षणी चित्रण हा मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, आणि एखादीच्या मागे मागे जाणं कलम ७८ मध्ये येऊ शकतं. पर्यटन खात्याने जानेवारी २०२३ मध्ये सूचना काढली होती की अनोळखी लोकांचे, विशेषतः समुद्रावर पोहणाऱ्यांचे फोटो परवानगीशिवाय काढू नयेत. किनारा सोडूनच द्या, तुमचा विषयही तो नाही. दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या तळावर आहे, त्या बाजूला कॅमेरा बॅगेत.

बलकांव म्हणजे घर. रस्त्यावरून दिसतं म्हणून ते सार्वजनिक होत नाही. फोंतेन्हासच्या रहिवाशांनी दारावर "फोटो काढू नका" असे फलक लावलेत ते उगाच नाहीत. दिवसभर अनोळखी लोक त्यांच्या पायऱ्यांवर बसून फोटो काढतात, दाराशी बोलतात, कधी आतही डोकावतात. फलक असला तर त्या घराची नुसती भिंतसुद्धा घेऊ नका. फलक नसला तरी आधी विचारा.

माणूस ताठ बसतो म्हणता, तर त्यावर उपाय आहे: विचारा, आणि लगेच काढू नका. "काका, एक फोटो काडूं?" एवढं कोंकणीत पुरे; ख्रिस्ती घर असलं तर अंकल, आंटी. होकार आला की पहिले दोन-तीन फोटो ते तुमच्याकडे बघून हसतात ते काढून घ्या, त्यांना दाखवा. मग कॅमेरा खाली करून पाच-दहा मिनिटं तिथेच बोलत राहा, किंवा थोडं बाजूला सरून उभे राहा. पेपर पुन्हा उघडला जातो, चष्मा पुसला जातो, आतून कुणी हाक मारतं. तुम्हाला हवा तो फोटो तेव्हा येतो. परवानगी आधी मिळालेली असते आणि पोज आपोआप विरते. निघताना "देव बरें करूं" म्हणायला विसरू नका. चार बाय सहाची प्रिंट नंतर नेऊन दिलीत तर पुढच्या खेपेला विचारावंही लागत नाही.

अजून एक. रस्त्यावर न विचारता काढायचा असेल तर कॅमेरा लपवू नका. कमरेवरून चोरून काढलेला फोटो लक्षात येतोच, आणि मग तुमच्या हेतूचीच शंका येते. कॅमेरा उघड गळ्यात, छातीशी, हालचाली सावकाश. कुणी हाताने "नको" केलं की लगेच खाली करा, मान हलवा, आणि समोरच्याने सांगितलं तर त्याच्यासमोर डिलीट करा. वाद घालून वाचवलेल्या फोटोत तो चिडलेला चेहराच असतो.

शाळेतल्या मुलांचे चेहरे ओळखू येतील असे फोटो पालकांना विचारल्याशिवाय ऑनलाइन टाकू नका. पाठमोरे, छत्रीखाली, दप्तरांची रांग असे काढता येतात. फोनमधलं लोकेशनही बंद ठेवा. घर आणि माणूस एकत्र ओळखू येईल अशी माहिती फोटोबरोबर जाता कामा नये.

पाटो_पूल

केपेंतली ताई, बलकांवचं पटलं. तीच चूक टाळायला लांबून झूम लेन्सने काढलं तर? ५५-२१० स्वस्तात मिळते आहे. आणि पणजी मार्केटच्या आतला उजेड कसा हाताळायचा? फोनबद्दलही कुणी लिहा.

मळ्याची_सावली

झूम नको. केपेंतली_वाट यांनी सांगितलेली अडचण लांबून काढल्याने वाढते, कारण समोरच्याला नकार द्यायची संधीच राहत नाही. फोटो म्हणूनही नुकसान होतं. २०० वर सगळं एकमेकांना चिकटतं, मागचं दुकान, वायरी, स्कूटर एकाच प्रतलात येतात, आणि माणूस ज्या जागेत बसला आहे ती जागाच नाहीशी होते. शांत प्रसंगाला आजूबाजू लागते: कुठल्या दारात, कुठल्या उजेडात, किती रिकाम्या जागेत. दोन-तीन मीटरवरून १८-२३ ने काढलेल्यात ती येते. पैसे ठेवा.

दिवसभर फिरण्यापेक्षा एक जागा धरा. आधी मागचं दृश्य ठरवा. स्वच्छ भिंत, एक दार, उन्हाचा एक तुकडा. चौकटीचे चारही कोपरे तपासा, कारण तिथेच पार्किंगचा बोर्ड, लोंबती केबल आणि कचऱ्याची बादली असते. मग तिथे वीस मिनिटं थांबा. पहिली पाच मिनिटं लोक तुमच्याकडे बघतात, नंतर कुणी बघत नाही. हात, मान आणि नजर यांच्यावर लक्ष ठेवा. सुई ओवताना हात वर थांबतो, गिऱ्हाईक गेल्यावर विक्रेती खांदे सैल सोडते. प्रसंग दिसल्यावर पाच-सात फोटो पुरेत. शंभर काढले की लोक वळतातच.

मार्केटच्या आत ट्यूब आणि एलईडी असतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. १/५०० ला एका फोटोत उजेड, दुसऱ्यात अंधार, आणि सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरला तर आडवे पट्टे. शटर मेकॅनिकल ठेवा, १/१०० वर या, एफ ४, आयएसओ १६०० ते ३२००. त्या वेगात चालणारी माणसं हलतात, म्हणून बसलेल्यांचेच घ्या. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर १/२५० पर्यंत जाता येतं. बाहेरचा दिवसाचा उजेड आणि आतली ट्यूब एकाच चेहऱ्यावर पडली तर अर्धा चेहरा हिरवट होतो. त्याला इलाज नाही, फक्त जागा बदला. प्रवेशाजवळच्या पहिल्या ओळीत दिवसाचा उजेड आडवा येतो, तिथे सगळ्यात छान. मासळीच्या भागात ओट्यासमोर गिऱ्हाईक उभं असताना मध्ये जाऊ नका, तो मासळीवालीचा धंदा आहे. विक्री ओसरल्यावर, साडेअकराच्या पुढे, चहा पिताना, बर्फ सारखा करताना जे मिळतं ते भर गर्दीत मिळत नाही.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारालाही हेच लागू. मे महिन्यात पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) खरेदी असते, सुकी मासळी, मिरच्या, सोलं, चिंच; तेव्हा बाजाराच्या मध्यापेक्षा कडेला जेवायला बसलेल्या विक्रेत्यांकडे बघा.

दुपारी एक ते चार बहुतेक दुकानं बंद. बहुतेक जण कॅमेरा ठेवून देतात. डिसेंबर-जानेवारीत ठेवू नका. तेव्हा दुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला, जेमतेम ५१ अंशांवर असतो. पूर्व-पश्चिम गल्लीत सात मीटर उंच घराची सावली साडेपाच मीटरच्या पुढे जाते, म्हणजे गल्लीची एक बाजू पूर्ण सावलीत आणि समोरची उन्हात. उन्हाला एक्सपोजर द्या, सावली काळी पडू द्या, आणि त्या सीमेवरून कुणी चालत येईल याची वाट पाहा. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला सूर्य माथ्यावरून जातो, खरी मध्यान्ह इथे साडेबारानंतर होते. त्या तास-दोन तासांत डोळ्यांच्या खोबणी काळ्या येतात, चेहऱ्यांचे फोटो सोडून द्या.

बेती_धक्का

फोनबद्दल थोडक्यात. मुख्य लेन्सच वापरा, अल्ट्रावाइडने कडेची माणसं ताणली जातात. स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि एक्सपोजर लॉक करा, मग उजेड थोडा खाली ओढा, नाहीतर एचडीआर सावल्या उजळवून सगळं सपाट करतो. नाइट मोड बंद. तो अनेक फ्रेम जोडतो, त्यात हलणाऱ्या माणसाचे दोन हात दिसतात. आवाजाच्या बटणाने फोटो घ्या, स्क्रीनवर टिचकी मारताना फोन हलतो. लेन्स पुसा. घामाने आणि खाऱ्या हवेने ती कायम धूसर असते, आणि लोक फोनला दोष देतात.

पोदेराचं: पहाटे उजाडताना आणि दुपारी चारच्या पुढे असा दोनदा येतो, हॉर्न आधी ऐकू येतो, त्यामुळे तयारीला वेळ मिळतो. थांबलेला हवा तर १/२५०. चालत्या सायकलबरोबर कॅमेरा वळवून १/३० ला काढलात तर तो स्पष्ट आणि भिंती वाहत्या येतात. तिथे स्टॅबिलायझेशनचं पॅनिंग मोड असेल तर लावा, नसेल तर बंद. आणि सायलेंट शटर नको, चाकं तिरकी येतात.

ओला_जून

पावसाचं राहिलं म्हणून लिहितो. सतत पाऊस असेल तर एफ ५.६, १/४००, आयएसओ १६०० पासून सुरू करा. पाऊस रेषांसारखा दिसायला हवा तर १/६०, मागे गडद दार किंवा झाडं हवीत. पांढऱ्या आकाशासमोर पाऊस दिसतच नाही. दुकानाच्या पत्र्याखाली उभं राहून रस्त्याकडे बघणं सर्वांत सोपं, लोकही तिथेच थांबलेले असतात. लेन्सला हूड, कॅमेऱ्यावर पारदर्शक पिशवी, तिला लेन्सपुरतं भोक पाडून रबर बँड.

एसी गाडीतून किंवा खोलीतून बाहेर काढताना कॅमेरा बंद झिप पिशवीत अर्धा तास ठेवा, नाहीतर लेन्सवर आतून बाहेरून बाष्प धरतं. घरी आल्यावर किंचित ओल्या मायक्रोफायबरने बॉडी पुसा, मग कोरड्याने. मीठ राहिलं की बटणं अडकतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कापडी बॅगेत कॅमेरा ठेवूच नका, बुरशी तिथेच लागते. रबराची कड असलेला हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक स्वस्त हायग्रोमीटर. आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा. ३० च्या खाली गेली तर रबर आणि ग्रीस वाळतं. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांना दोन तास तापवून परत वापरता येतं. जेल नारिंगी रंगाचं घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये तापवू नये.

पाटो_पूल

सगळ्यांचे आभार. येत्या रविवारी सकाळी फोंतेन्हासपासून सुरुवात करतो: १८, एफ ८, दोन मीटर, ५२०० केल्विन.

केपेंतली_वाट

रविवार नको. सुट्टीच्या दिवशी तिथे बाहेरचे कॅमेरे इतके असतात की रहिवासी सकाळपासूनच वैतागलेले असतात, आणि चर्चला जायची घाई असते. मंगळवार-बुधवार धरा, साडेसातला. फोंतेन्हासऐवजी पणजीच्याच मळा भागात मारुतीच्या देवळाकडच्या गल्ल्यांपासून सुरुवात केलीत तर अजून बरं, तिथे पर्यटक कमी. रविवारीच वेळ असेल तर दिवाडीची फेरीबोट घ्या.